चालत्या पायाचे शिवणयंत्र घेताना

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील उद्योगविषयक सत्रात दिलेले व्याख्यान)



सकाळपासून या मंडपात शिक्षण, वधूवर-परिचय, वसतिगृह अशा मोठ्या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपले विचार मांडले. माझा विषय त्या मानाने फारच लहान आहे. चार फूट लांबीच्या टेबलावर तो सबंध मावतो. जाड काम शिवणारे जे कारखानी यंत्र बाजारात 'वॉकिंग फूट' या नावाने मिळते, आणि ज्याला मी आज 'चालत्या पायाचे यंत्र' म्हणणार आहे, ते विकत घेताना त्याच्या अंगी कोणते गुण पाहावेत, कोणत्या गुणांसाठी पैसे मोजावेत आणि कोणत्यांसाठी मोजू नयेत, एवढेच मला सांगावयाचे आहे. कार्यकारी मंडळाने हा विषय मुद्दाम मागून घेतला. कारण गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी पुष्कळ घरांत हे यंत्र आले, आणि त्यांतील काही घरांत ते आज चादरीखाली झाकून उभे आहे.

यंत्र झाकून उभे राहते याचा अर्थ घरातील शिल्लक झाकून उभी राहते. म्हणून हा विषय लहान असला तरी क्षुल्लक नाही.

मापे घेऊन कपडे शिवून देण्याचा आपला पिढीजात धंदा तयार कपड्यांच्या लाटेपुढे आक्रसत गेला, हे आपणांस मी नव्याने सांगावयास नको. सोलापूरसारख्या शहरी गणवेशांचे काम कारखानदारीच्या पायावर उभे राहिले आणि तेथे सुईला काम मिळाले. परंतु गावोगावच्या एकट्या दुकानदाराकडे सणासुदीला होणारी गर्दी ओसरली. त्याच काळात दुसऱ्या बाजूने जाड शिवणकामाची मागणी वाढत गेली. दप्तरे, प्रवासी पिशव्या, मोटारींच्या व दुचाकींच्या बैठकांची आवरणे, सोफ्याच्या गाद्या, मालमोटारींच्या ताडपत्र्या, मांडवाच्या कनाती, ढोलाचे पट्टे, ही सारी कामे शिवणाऱ्या हातांची वाट पाहत आहेत. हात आपल्याजवळ आहेत. परंतु ज्या यंत्रावर आपण सदरे आणि विजारी शिवल्या, ते यंत्र या कामाला पुरे पडत नाही. ते का पडत नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. मग काय विकत घ्यावे ते आपोआप उमगू लागते.

साध्या यंत्राची उणीव

एलियास हाऊ याला अमेरिकेत त्याच्या शिवणयंत्राचे एकस्व मिळाले ते १८४६ साली. वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवून पक्का टाका घालण्याची युक्ती त्यात होती. परंतु कापड पुढे सरकवण्याची सोय समाधानकारक नव्हती. ती उणीव अ‍ॅलन विल्सन याने दूर केली. वर यावे, कापड धरून मागे न्यावे, खाली जावे आणि रिकामे पुढे यावे, अशा चार गतींनी चालणाऱ्या दात्यांचे एकस्व त्याला १८५४ साली मिळाले. आज आपल्या घरातील पायमशीन असो की कारखान्यातील विजेवरचे यंत्र असो, सुईखालच्या पत्र्यातून डोकावणारे दाते ते हेच.

आता पाहा, हे दाते कापडाला खालून धरतात. वरून जो पाय कापड दाबतो तो स्वतः हलत नाही. तो जागच्या जागी राहून वरच्या थरावर घासतो. पातळ कापडात हे घासणे जाणवत नाही. परंतु खाली कॅनव्हास, मध्ये फोम आणि वर रेक्झिन असे तीन थर असले, की खालचा थर दात्यांबरोबर पुढे निघून जातो आणि वरचा पायाला चिकटून मागे रेंगाळतो. शिवण संपते तेव्हा दोन कडा जुळत नाहीत. कारागीर कितीही निष्णात असो, हाताने ओढून तो हा फरक थोडाफार लपवू शकतो, नाहीसा करू शकत नाही. शिवाय ओढताना सुई वाकते आणि पत्र्यावर आपटून मोडते, ते वेगळेच.

ज्यांना याची प्रचिती पाहावयाची असेल त्यांनी घरी एक प्रयोग करावा. रेक्झिनच्या बरोबर एक एक मीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापाव्यात, एकीवर एक ठेवून एक टोक जुळवावे, आणि हाताने न ओढता साध्या यंत्रावर शेवटपर्यंत टीप मारावी. दुसऱ्या टोकाशी किती फरक पडला तो फूटपट्टीने मोजावा. हाच प्रयोग पुढे विकत घ्यावयाच्या यंत्रावर करावा. दुकानदाराच्या दहा वाक्यांपेक्षा ही एक फूटपट्टी अधिक खरे बोलते.

चालता पाय म्हणजे काय

या यंत्राला वरून एक नव्हे, दोन पाय असतात: एक बाहेरचा आणि एक आतला. सुई आतल्या पायाच्या छिद्रातून खाली उतरते. सुई मालात शिरली, की सुई, आतला पाय आणि खालचे दाते ही तिन्ही मिळून सर्व थरांना एकत्र धरून मागे नेतात. मग बाहेरचा पाय खाली उतरून माल दाबून धरतो. तेवढ्यात सुई वर निघते, आतला पाय उचलला जातो आणि पुढचे पाऊल टाकतो. एक पाय उभा, दुसरा चालता, असा हा क्रम सारखा सुरू राहतो. सुई स्वतः सर्व थरांतून आरपार गेलेली असताना मागे सरकते, त्यामुळे वरचा थर मागे राहण्याचा प्रश्नच उरत नाही. या पद्धतीला बाजारात 'ट्रिपल फीड' किंवा 'कंपाउंड फीड' म्हणतात.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. 'वॉकिंग फूट' हे नाव बाजारात सैलपणे वापरले जाते. ज्या यंत्रात वरचा पाय आणि खालचे दाते चालतात परंतु सुई जागच्या जागी वरखाली होते, त्यालाही हेच नाव देतात. घरगुती यंत्राला जोडावयाचा जो लहानसा सुटा पाय मिळतो, त्यालाही हेच नाव आहे. गोधडीसारख्या कामाला तो उपयोगी आहे, पण त्याने घरगुती यंत्र कारखानी होत नाही. खरे काय ते ओळखण्याची रीत सोपी आहे. वीज बंद ठेवून उजवीकडचे चाक हाताने सावकाश फिरवावे आणि सुईकडे पाहावे. सुई मालात असताना स्वतः मागे झुकत असेल, तर तिन्ही अंगांनी चालणारे यंत्र आहे. झुकत नसेल, तर नाही. जाड आणि अनेक थरांच्या कामाला तिन्ही अंगांनी चालणारेच यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक सूत्र

बंधुभगिनींनो, यंत्राच्या माहितीपत्रकात वीस-पंचवीस गुण एकाखाली एक छापलेले असतात आणि प्रत्येक गुणापुढे जणू एक नोट चिकटवलेली असते. सगळे घ्यावे तर पैसे पुरत नाहीत. काही सोडावे तर कोणते सोडावे ते कळत नाही. यासाठी मी एक सूत्र आपणांपुढे ठेवतो. जे मागाहून कधीच जोडता येत नाही, त्यात कसर करू नये. जे मागाहून केव्हाही जोडता येते, त्यासाठी आज कर्ज काढू नये. आजच्या व्याख्यानातील एवढे एक वाक्य घरी घेऊन गेलात तरी माझे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

प्रथम मागाहून न जोडता येणाऱ्या गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट यंत्राच्या बैठकीचा आकार. सपाट बैठकीचे यंत्र, ज्याला 'फ्लॅट बेड' म्हणतात, ते बैठकीची आवरणे, ताडपत्र्या, गाद्या, पिशव्यांचे सुटे भाग अशा पसरून शिवावयाच्या कामाला योग्य. नळीसारख्या बाहूचे, म्हणजे 'सिलिंडर बेड' यंत्र, तयार पिशवीच्या तोंडाला गोट लावणे, गोल भाग जोडणे अशा कामासाठी. खांबासारखे उभे 'पोस्ट बेड' यंत्र पादत्राणांच्या वरच्या भागांसारख्या घडीव कामासाठी. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने पिशव्या शिवावयाच्या म्हणून नळीच्या बाहूचे यंत्र घेतले. काम मिळाले ते शाळेच्या गाड्यांच्या बैठकांचे. जड रेक्झिन दोन्ही बाजूंनी खाली लोंबकळू लागले आणि घरातील एक मुलगा दिवसभर केवळ माल उचलून धरण्यासाठी बसवावा लागला. दोन माणसांत एका माणसाचे काम निघू लागल्यावर दर परवडेना, आणि ते काम दुसरीकडे गेले. त्या यंत्राला सपाट फळी जोडता येते हे खरे, परंतु मोठ्या आणि जड कामाला ती फळी म्हणजे सपाट यंत्र नव्हे. म्हणून ज्याला एकच यंत्र घेता येण्यासारखे आहे, त्याने बहुधा सपाट बैठकीचेच घ्यावे. नळीचे यंत्र दुसरे म्हणून यावे.

दुसरी गोष्ट पायाची उचल. हाताच्या खटक्याने पाय किती उचलतो आणि गुडघ्याच्या दांड्याने किती, ही दोन मापे निरनिराळी असतात, आणि गुडघ्याची उचल पुष्कळदा हाताच्या उचलीपेक्षा बरीच अधिक असते. माहितीपत्रकात मोठा आकडा दिसला तर तो कोणता हे विचारून घ्यावे. आपल्या कामातील सर्वांत जाड सांधा, उदाहरणार्थ दप्तराचा पट्टा जेथे दुमडून शिवला जातो तो, बरोबर न्यावा आणि पायाखाली सरकवून पाहावा. तो विनासायास गेला पाहिजे. याखेरीज चालताना आतील पाय किती उंच पाऊल टाकतो, हेही कमीजास्त करण्याची सोय असते. सांध्याच्या उंचवट्यावर चढण्यासाठी पाऊल उंच हवे. परंतु पाऊल जितके उंच, तितका वेग कमी ठेवावा लागतो, हा यंत्राचा धर्म आहे.

तिसरी गोष्ट टाक्याची लांबी आणि मागे शिवण्याची सोय. चामड्यासारख्या मालात टाके फार जवळ पडले तर भोकांची ओळ तयार होते आणि टपाल-तिकीट फाटावे तसे चामडे त्या ओळीवर फाटते. म्हणून जाड कामाला लांब टाका हवा. काही यंत्रे ५ किंवा ६ मिलिमीटरपर्यंत टाका घालतात, काही ९ मिलिमीटरपर्यंत. आवरणे आणि पिशव्यांना ६ मिलिमीटर बहुधा पुरतो. चामड्याची दिसणारी शिवण किंवा जाड दोरा वापरावयाचा असेल तर अधिक हवा. दहा टाके घालून मोजावेत. ६ मिलिमीटरवर लावलेले यंत्र ६० मिलिमीटर चालले पाहिजे. मग खटका दाबून त्याच रेषेवर दहा टाके मागे घालावेत. सुई त्याच भोकांत पडत असेल तर यंत्र नीट लावलेले आहे. जुन्या काही यंत्रांना मागे शिवण्याचा खटकाच नसतो; तेथे टोक पक्के करण्यासाठी माल फिरवावा लागतो. पिशवीच्या लहान तुकड्यात ते जमते, बारा हात ताडपत्रीत जमत नाही.

चौथी गोष्ट खालच्या दोऱ्याची व्यवस्था. बॉबिन ज्या हुकात बसते तो हूक काही यंत्रांत असा असतो, की सुईशेजारचा लहान पत्रा सरकवून वरूनच बॉबिन बदलता येते. काहींत बॉबिन केस काढण्यासाठी बाजूने किंवा खालून हात घालावा लागतो. टेबलभर माल पसरलेला असताना हा फरक काय आहे, तो ज्याने दिवसभर बसून शिवले आहे त्यालाच कळेल. बॉबिन मोठी असावी हेही महत्त्वाचे. जाड दोरा बॉबिनवर थोडाच मावतो, आणि लांब शिवणीच्या मध्यावर तो संपला तर तेथे जोड दिसतो. दिसणारा जोड म्हणजे गिऱ्हाइकाचे बोट ठेवण्याचे ठिकाण.

पाचवी गोष्ट संरक्षक क्लच. जाड दोरा हुकात गुंतला आणि मोटर जोर लावीत राहिली, तर हूक आणि सुई यांचा मेळ बिघडतो किंवा हूक मोडतो. काही यंत्रांत अशा वेळी हूक आपोआप सुटा होतो. दोरा काढून, बटण दाबून चाक फिरवले की पुन्हा जुळतो. एकाच नमुन्याचे यंत्र कित्येकदा या सोयीसह आणि सोयीवाचून अशा दोन प्रकारांत विकले जाते. आपल्या गावी हा मेळ बसवून देणारा कारागीर नसेल, तर या सोयीला अवश्य पैसे मोजावेत. यंत्र उचलून जिल्ह्याच्या गावी नेण्यात जे दिवस जातात, त्यांची किंमत या सोयीहून अधिक असते.

जे मागाहून जोडता येते

आता दुसरी यादी. येथे मन आवरावयाचे आहे.

या यादीत सर्वांत मोठी वस्तू मोटर. जुनी क्लच मोटर यंत्र थांबलेले असतानाही घरघर फिरत राहते आणि पायाखालची फळी दाबताच एकदम झेप घेते. नवी सर्वो मोटर दाबले तेवढीच चालते, थांबताच थांबते, वीज कमी खाते आणि तिचा वेग आकड्याने बांधून ठेवता येतो. नवशिक्या मुलामुलींसाठी ती फार चांगली. परंतु मोटर ही टेबलाखाली बोल्टांनी अडकवलेली स्वतंत्र वस्तू आहे. उत्तम यंत्राला क्लच मोटर जोडलेली मिळत असेल, तर यंत्र घ्यावे आणि पहिल्या हंगामाच्या मिळकतीतून मोटर बदलावी. कमकुवत यंत्राला उत्तम मोटर लावलेली मिळत असेल, तर ते घेऊ नये.

वेगाच्या आकड्याने तर कोणी भुलूच नये. मिनिटाला २,५०० टाके हा आकडा ऐकावयास भारदस्त वाटतो. ६ मिलिमीटरच्या टाक्याने त्याचा हिशेब केला तर मिनिटाला १५ मीटर शिवण होते. बैठकीच्या आवरणाच्या वळणावर १५ मीटरच्या वेगाने माल फिरवणारा कारागीर मी तरी पाहिलेला नाही. उलट आपणांस हवा असतो तो मंद आणि जोरदार वेग. तो कप्पीने साधतो. आपल्याकडील विजेवर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेणाऱ्या मोटरीवर ६० मिलिमीटरची कप्पी आणि यंत्राच्या चाकावर १२० मिलिमीटरची कप्पी असेल, तर यंत्र मिनिटाला ७२० टाके घालते. मोटरीची कप्पी निम्मी केली तर वेग निम्मा होतो आणि सुईचा जोर सुमारे दुप्पट. लहान कप्पी किंवा मध्ये बसवावयाची वेग उतरवणारी जोडकप्पी ही थोड्या खर्चाची वस्तू आहे आणि ती केव्हाही बसवता येते.

सुई नेहमी खाली किंवा वर थांबवणारे साधन, दिवा, गोट लावण्याचे आणि कड धरण्याचे मार्गदर्शक, पायपिनचे पाय, चामड्यासाठी दाते नसलेले गुळगुळीत पाय, ही सारी साधने मागाहून घेता येतात आणि काम आले म्हणजेच घ्यावीत.

राहता राहिला आपोआप दोरा कापणारा भाग. तो मागाहून बसवणे सहसा परवडत नाही, म्हणून माझ्या सूत्राप्रमाणे तो पहिल्या यादीत जावयास हवा. परंतु त्याला आणखी एक प्रश्न विचारावा: माझ्या कामात दिवसाकाठी तो किती वेळा उपयोगी पडेल? कारखान्यात एकच कारागीर दिवसभर लहान लहान शिवणी घालीत असेल, तर दर शिवणीमागे वाचलेले क्षण साठून तासांत मोजावे लागतात. घरच्या धंद्यात लांब शिवणी असतात आणि कात्री हाताशी असते. शिवाय त्या भागाबरोबर विद्युत्-मंडलांचा पसारा येतो आणि तो दुरुस्त करणारा कारागीर प्रत्येक तालुक्यात सापडत नाही. ज्याच्या कामाला त्याची गरज नाही त्याने तो सोडून द्यावा.

सुई, दोरा आणि यंत्राची मर्यादा

यंत्र कोणते घ्यावे हे शेवटी दोरा ठरवतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. या जातीच्या बहुतेक यंत्रांना १३५×१७ या मालिकेची सुई लागते. चामड्यासाठी कापीत जाणाऱ्या टोकाची सुई १३५×१६ या मालिकेत मिळते. ती कापडाला वापरू नये, कारण ती कापडाचे धागेच कापते. दोरा 'टेक्स' या मापाने विकला जातो. टेक्स ७० दोऱ्याला साधारणपणे ११० नंबरची सुई, टेक्स ९० ला १२५ नंबरची आणि टेक्स १३५ ला १४० नंबरची सुई चालते. हा नंबर म्हणजे सुईच्या जाडीचे मिलिमीटरचे शंभरांश होत. ताडपत्री, दुचाकीची बैठक अशा उन्हात राहणाऱ्या मालाला पॉलिएस्टरचा दोरा वापरावा. नायलॉन मजबूत असला तरी ऊन त्याला लवकर जीर्ण करते. आपल्या कामाला लागणारा सर्वांत जाड दोरा ज्या यंत्रात वर आणि खाली दोन्हीकडे सुरळीत चालतो, ते यंत्र आपले.

या यंत्राकडून अशक्याची अपेक्षाही करू नये. मलमलीचा सदरा त्यावर शिवू नये. दात्यांचे वळ उमटतात. घोड्याच्या साजासारखे अर्धा इंच जाडीचे चामडे त्याला झेपत नाही. त्यासाठी याहून अवजड जातीची यंत्रे आहेत. म्हणून घरातील जुने साधे यंत्र मोडीत काढू नये. दोघांची कामे दोन आहेत.

जुने की नवे

जुने यंत्र घ्यावे की नवे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. या जातीची जुनी यंत्रे ओतीव लोखंडाची, दणकट अंगाची असतात आणि नीट तेल मिळाले तर पिढी ओलांडतात. सिंगरच्या १११ डब्ल्यू वर्गातील यंत्रे अजून कामाला जुंपलेली दिसतात, आणि त्या धाटणीवर बेतलेल्या कित्येक यंत्रांना त्याच घडणीचे पाय बसतात. जुने यंत्र पाहताना रंगाकडे पाहू नये. सुईचा दांडा बोटांनी हलवून ढिलाई पाहावी. हुकाच्या टोकावर बोट फिरवून गंज किंवा खवले जाणवतात का ते पाहावे. दाते झिजून बोथट झाले आहेत का, सुईच्या भोकाभोवती पत्र्यावर सुया आपटल्याचे व्रण आहेत का, हे पाहावे. आणि शेवटचा प्रश्न दुकानदाराला नव्हे, आपल्या गावच्या सुट्या भागांच्या विक्रेत्याला विचारावा: या यंत्राची बॉबिन, हूक आणि पाय तुमच्याकडे मिळतात काय? 'मागवून देतो' या उत्तराचा अर्थ 'मिळत नाहीत' असा धरून चालावे.

पैशाचा विचार

केंद्र सरकारची 'पीएम विश्वकर्मा' योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तिची आखणी आहे. नोंदणी एका कुटुंबातील एकाच व्यक्तीची होते, तेव्हा ती कोणाच्या नावे करावयाची हे घरात बसून ठरवावे. यंत्रावर प्रत्यक्ष बसणारी सून किंवा लेक असेल तर तिच्याच नावाचा विचार प्रथम व्हावा. परंतु कर्ज सवलतीचे असले तरी ते कर्जच असते. पहिल्या टप्प्याची फेड १८ महिन्यांत करावयाची असते. १ लाखाचे नुसते मुद्दलच दरमहा साडेपाच हजारांवर जाते. तेवढे काम हाती आहे का, हे यंत्रापूर्वी पाहिले पाहिजे. काम ठरले म्हणजे मालाची जाडी ठरते, जाडीवरून दोरा ठरतो, दोऱ्यावरून यंत्र ठरते. हा क्रम ज्यांनी उलटा केला, त्यांच्या घरची यंत्रे आज चादरीखाली आहेत.

यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ साली एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पत्नीचे कष्ट हलके व्हावेत या प्रेमातून ते निर्माण झाले, असे त्यांचे म्हणणे होते. या कसोटीवर आपलेही यंत्र घासून पाहावे. त्याने घरातील माणसाचे मनगट आणि पाठ यांचे कष्ट हलके होत असतील तर ते योग्य. त्याच्या हप्त्यासाठी माणूस रात्र रात्र जागत असेल, तर ते योग्य नव्हे.

भगिनींना एक विनंती. या यंत्राच्या पट्ट्यात जोर फार असतो. पट्ट्यावर जाळीचे आवरण असल्याखेरीज यंत्र सुरू करू नका. पदर आणि वेणी खोचून बसा. सुई ओवताना आणि पाय बदलताना मोटरीचे बटण बंद ठेवा. आणि घरच्या विजेची अर्थिंग तपासून घ्या. या चार गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

शेवटी, दुकानात जाताना काय न्यावे ते सांगून मी थांबतो. आपल्या मालाचे तुकडे न्यावेत, सर्वांत जाड सांधा न्यावा, आपला दोरा न्यावा, मीटरभर लांबीच्या दोन पट्ट्या न्याव्यात आणि एक फूटपट्टी न्यावी. यंत्रावर स्वतः बसावे. दुकानातील कारागिराने शिवून दाखवलेल्या नमुन्यावर विसंबू नये, कारण तो नमुना त्याच्या हाताचा असतो. चाक हाताने फिरवून सुई पाहावी, दहा टाके पुढे आणि दहा मागे घालावेत, पट्ट्यांची टोके मोजावीत. मोजून झाल्यावर, आणि त्याच्या आधी नव्हे, किमतीचे बोलणे काढावे. घरातील ज्या व्यक्तीला त्या यंत्रावर रोज बसावयाचे आहे, तिला बरोबर न्यावे आणि तिचे मत शेवटचे मानावे.

आपल्या वाडवडिलांनी कापडाला हात लावताच त्याचा पोत ओळखला. तोच हात आता रेक्झिनला आणि कॅनव्हासला लागो, आणि तेथेही त्याला यश येवो, अशी सदिच्छा मी व्यक्त करतो.